वाचकांचे प्रश्न : लांब घशाची रायफल आणि घरी भरलेली काडतुसे

प्रश्न : गेल्या वर्षी मी एक जुनी स्वीडिश माउझर रायफल विकत घेतली. ती ६.५×५५ या काडतुसाची, एम-९६ जातीची आहे. नळी कोणीतरी आधीच कापून २४ इंचांची केलेली आहे आणि वर दुर्बीण बसवलेली आहे. व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी मी १२० ग्रेनची गोळी वापरून काडतुसे घरी भरतो. गोळी नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांपासून दहा-वीस थाउ मागे ठेवली की कागदावरच्या भोकांचा गट आवळून येतो, असे जो तो सांगतो. मी मोजून पाहिले, तर काडतुसाची एकूण लांबी ८२.४ मिमी झाल्यावरच गोळी आट्यांना टेकते. एवढ्या लांबीवर केस, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, गोळीला धरतही नाही आणि काडतूस मॅगझिनमध्येही मावत नाही. शंभर यार्डांवर पाच बारांचा गट तीन ते साडेतीन इंच पडतो. नळी झिजली आहे काय? बदलून घ्यावी काय?
— एक वाचक, ओ क्लेअर, विस्कॉन्सिन

उत्तर : नळी बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आपण वर्णन केलेले लक्षण झिजेचे असू शकते, पण या रायफलीच्या बाबतीत ते बहुधा जन्मजात असते आणि त्यावरचा उपाय नळीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

ज्या वाचकांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. काडतूस जिथे बसते तो कक्ष संपल्यावर लगेच आटे सुरू होत नाहीत; मध्ये थोडी गुळगुळीत, बिनआट्यांची जागा असते आणि मग आटे उताराने वर येतात. या भागाला घसा म्हणतात. बार उडाला की गोळी केसच्या मानेतून सुटते, घशातून पुढे सरकते आणि मग आट्यांत शिरते. या मोकळ्या प्रवासाला उडी म्हणायची पद्धत आहे, आणि थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही टूलरूममध्ये काम केलेल्याला सांगायला नको.

स्वीडन आणि नॉर्वे यांनी हे काडतूस १८९४ साली ठरवले तेव्हा त्यात १५६ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.१ ग्रॅमची, लांबलचक आणि बोथट नाकाची गोळी होती. त्या गोळीचा सरळ दंडगोल भाग मोठा आणि निमुळता भाग अगदी थोडा. घसा तिच्या मापाने कापला गेला. एवढी लांब गोळी हवेत स्थिर राहावी म्हणून आट्यांना पीळही कडक दिला. साधारण २०० मिमी अंतरात एक पूर्ण फेरा. पुढे स्वीडनने टोकदार, नावेच्या आकाराच्या शेपटीची १४० ग्रेनच्या आसपासची गोळी घेतली, जिचे काडतूस एम-४१ म्हणून ओळखले जाते. पण आधी बनलेल्या रायफलींचे घसे अर्थातच तसेच राहिले. आपण त्या घशात १२० ग्रेनची टोकदार गोळी घालत आहात. मोठ्या भावासाठी शिवलेला सदरा धाकट्याला घातल्यावर बाह्या लोंबल्या, तर दोष शिंप्याचा नसतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आपल्या पत्रातल्या आकड्यांतच उत्तर आहे. या काडतुसाची केस ५५ मिमी लांब. आपली गोळी व्हर्नियरवर २९ मिमी भरते असे आपण पत्राच्या पुरवणीत लिहिले आहे. एकूण लांबी ८२.४ धरली, तर केसच्या बाहेर २७.४ मिमी गोळी राहते आणि आत उरते फक्त १.६ मिमी. नखाने दाबले तरी वाकडी होईल एवढी ही पकड. काडतुसे भरणाऱ्यांचा जुना अंदाज असा, की मानेत किमान गोळीच्या व्यासाएवढी, म्हणजे इथे ६.७ मिमी, गोळी असावी. तेवढी बसवायची तर एकूण लांबी ७७.३ होते आणि उडी पडते ५.१ मिमी, म्हणजे जवळजवळ दोनशे थाउ. दहा-वीस थाउंचा सल्ला देणाऱ्यांच्या रायफलीत अशी परिस्थिती नसते; त्यांचे घसे आजच्या टोकदार गोळीसाठी कापलेले असतात.

बरेच जण इथे एक गोष्ट नजरेआड करतात. आपण गोळी कितीही आत बसवा किंवा बाहेर ठेवा, जेव्हा तिचे नाक आट्यांना भिडेल त्या क्षणी तिचे बूड मानेत तेच १.६ मिमी उरलेले असेल. बसवण्याची खोली बदलून हा आकडा बदलत नाही. तो गोळीच्या आकारावर आणि घशाच्या लांबीवर ठरतो. त्यात भर म्हणजे त्या क्षणापर्यंत दाबाने मान फुगून सैल झालेली असते, त्यामुळे तेवढ्या १.६ मिमीचाही फारसा भरवसा नाही. गोळी पुढून आट्यांनी आणि मागून मानेने, अशी दोन्हीकडून सावरलेली नसेल तर ती किंचित का होईना, तिरकी आट्यांत शिरू शकते, आणि एकदा तिरकी शिरली की पुढची नळी कितीही उत्तम असली तरी ती सरळ करत नाही. म्हणून खोलीचे प्रयोग करण्याआधी गोळी बदला.

माझ्याकडेही याच जातीची रायफल आहे. तीत १६० ग्रेनची बोथट नाकाची गोळी ७८.९ मिमी लांबीवर आट्यांना टेकते, कारण तिचा पूर्ण व्यासाचा भाग नाकाच्या बराच जवळपर्यंत गेलेला आहे. मी ती ७८.२ वर बसवतो. उडी ०.७ मिमी, मानेत सात मिमीहून जास्त गोळी, आणि मॅगझिनमध्ये काडतूस आरामात सरकते, कारण या काडतुसाची युरोपीय मापदंडातली कमाल लांबी ८० मिमी आहे आणि मॅगझिन त्याच हिशेबाचे आहे. हीच गोळी आपल्या नळीत कुठे टेकते ते आपल्यालाच मोजावे लागेल. माझा आकडा उचलून आपल्या गोळी बसवायच्या प्रेसवर लावू नका. १६० ग्रेनची बोथट गोळी हॉर्नाडी बनवते, १५६ ग्रेनच्या गोळ्या नॉर्मा बनवते आणि १५५ ग्रेनची मेगा नावाची गोळी लापुआची आहे. हरणाच्या शिकारीच्या अंतराला, म्हणजे आपल्याकडच्या जंगलात बहुधा दीडशे यार्डांच्या आत, बोथट नाकामुळे काही बिघडत नाही. तीनशे यार्डांपलीकडे मात्र ती गोळी भराभर खाली येते, आणि ज्यांना मोकळ्या कुरणांत लांबचे बार करायचे आहेत त्यांनी १४० ग्रेनची, लांब दंडगोलाची गोळी शोधावी आणि थोडी उडी सोसावी.

उडी सोसावी, हे मी मुद्दाम म्हणतो. रॉय वेदरबी यांच्या मॅग्नम रायफलींना कारखान्यातूनच लांब घसा दिला जात असे. कित्येकांत तो इंचाच्या तीन अष्टमांशाच्या आसपास, म्हणजे नऊ मिमीहून अधिक असतो. हेतू असा, की सुरुवातीचा दाब उशिरा चढावा आणि जास्त पावडर घालून जास्त वेग मिळवता यावा. त्या रायफली नेम धरत नाहीत असे कोणी म्हणत नाही. म्हणजे नुसती उडी हा दोष नव्हे. ज्या उडीत गोळी अधांतरी होते ती उडी वाईट, आणि प्रत्येक काडतुसात वेगवेगळी पडणारी उडी तर त्याहून वाईट.

झिजेची शंका राहू नये म्हणून नळी आधी नीट साफ करा, तांब्याचा मुलामा उतरवणारे द्रावण वापरून, कारण जुन्या लष्करी नळीत कित्येक दशकांचे तांबे बसलेले असू शकते. मग रायफलीच्या दस्त्यावर पितळी चकती अजून शाबूत असेल तर ती वाचा. स्वीडिश लष्कराच्या शस्त्रागारात नळी तपासून तिचा व्यास आणि तिची अवस्था १ ते ३ या दर्जांत त्या चकतीवर छाप मारून नोंदवत असत. चकती रायफल सैन्यातून बाहेर पडण्याआधीची आहे आणि आपली नळी त्यानंतर कापली गेली आहे, एवढे लक्षात ठेवून तिच्यावर विश्वास ठेवा. कापलेल्या नळीचे तोंड मात्र भिंगाखाली अवश्य पाहा. घसा लांब म्हणून हळहळणारी माणसे पुष्कळ भेटतात आणि नळीच्या तोंडाला कानशीने पडलेला ओरखडा त्यांच्या नजरेला पडलेला नसतो.

प्रश्न : आट्यांना टेकण्याची लांबी घरच्या घरी नेमकी कशी मोजावी? बाजारातले माप-यंत्र घ्यायलाच हवे काय?

उत्तर : घ्यायलाच हवे असे नाही, पण घेतले तर पैसे वाया जात नाहीत. माझी जुनी रीत अशी. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करावी, एकदा डोळ्याने आणि एकदा करंगळीने. बोल्ट बंद करून नळीच्या तोंडातून सपाट टोकाचा सफाईचा गज आत सरकवावा; तो बोल्टच्या तोंडाला टेकला की नळीच्या कडेशी गजावर धारदार पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी. मग बोल्ट काढून गोळी एकटीच मागून घशात सोडावी आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच धरून ठेवावी. गज पुन्हा आत सरकवून गोळीच्या नाकाला टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांमधले अंतर म्हणजे काडतुसाची ती लांबी, जिच्यावर गोळी आट्यांना टेकते. पाच वेळा मोजावे. पाचही आकडे दोन-तीन दशांश मिमीच्या आत येत नसतील तर गोळी घशात जोरात दाबली जात आहे किंवा गज तिरका जात आहे.

गोळीच्या टोकापासून घेतलेले माप मात्र नुसते अंदाजाचे असते. एकाच पेटीतल्या मऊ शिशाच्या टोकांच्या गोळ्या नाकाशी अर्ध्या मिमीने सहज कमी-जास्त भरतात, कारण टोक पेटीतच दबलेले असते. आट्यांना टेकतो तो गोळीचा खांदा, म्हणजे नाकाचा उतार पूर्ण व्यासाला पोचू लागतो तो भाग. त्या खांद्यावर बसणारी, व्हर्नियरच्या जबड्याला लावायची एक लहानशी चकती मिळते. तिने मोजलेला आकडा वहीत लिहावा आणि टोकापासूनचा आकडा फक्त मॅगझिनसाठी वापरावा.

आट्यांना टेकवून किंवा त्यांत खुपसून भरलेले काडतूस शिकारीला नेऊ नये, याचे कारण मी अनुभवाने सांगू शकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मलाही दहा थाउंचे वेड लागले होते. विस्कॉन्सिनमधला बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या पहिल्याच संध्याकाळी उजेड संपल्यावर मचाणावरून उतरण्यापूर्वी रायफल रिकामी करायला बोल्ट मागे ओढला, तर हातात आली नुसती पितळी केस. गोळी आट्यांत घट्ट रुतून बसली होती, आणि शेवयांचे बारीक तुकडे करावेत तशी दिसणारी पावडर मॅगझिनमध्ये, चापाच्या यंत्रणेत आणि माझ्या लोकरी हातमोज्यात सांडली होती. थंडी उणे दहा. घरी येऊन नळीच्या तोंडातून गज घालून गोळी मागे ठोकून काढली, दस्ता वेगळा केला, चापातून एकेक कण ब्रशने काढला, आणि दुसऱ्या दिवशीची पहाट हुकली. तीच गोष्ट सकाळी सात वाजता समोर हरीण उभे असताना घडली असती तर काय, हे सांगायला नको. तेव्हापासून शिकारीच्या काडतुसात मी अर्ध्या मिमीपेक्षा कमी अंतर ठेवलेले नाही.

प्रश्न : माझ्या ६.५×५५ च्या काडतुसांचा वेग पुस्तकात दिलेल्या वेगापेक्षा सेकंदाला शंभर फुटांनी कमी येतो. रायफलीचा घसा लांब असल्यामुळे दाब कमी राहत असणार, तेव्हा पुस्तकातल्या कमाल मापापुढे एखादा ग्रेन पावडर घातली तर चालेल काय?

उत्तर : चालणार नाही.

लांब घशामुळे सुरुवातीचा दाब काहीसा कमी राहतो, हे तत्त्वतः बरोबर आहे. पण तो आपल्या रायफलीत नेमका किती कमी राहतो हे आपल्याकडे मोजायचे साधन नाही, आणि जो फायदा मोजता येत नाही तो खर्च करू नये. वेग कमी येण्याचे कारण बहुधा आणखी साधे आहे. पुस्तकातल्या पानाच्या माथ्यावर चाचणीच्या नळीची लांबी छापलेली असते, ती आधी पाहा. अखंड एम-९६ ची नळी २९ इंचांची असते, तर आखूड एम-३८ ची साडेतेवीस इंचांच्या आसपास. लांब नळीतून मोजलेला वेग आखूड नळीत शोधला तर शंभर फूट एवढ्यानेच हरवतात, कारण दर इंचामागे वीस-पंचवीस फूट जातात हा या प्रकारच्या काडतुसांचा ढोबळ हिशेब आहे.

अमेरिकी पुस्तकांतली या काडतुसाची मापे सौम्य असतात, याचेही कारण आहे. अमेरिकेतील सॅमी या संस्थेने त्याचा कमाल दाब चौरस इंचाला ५१,००० पौंड ठरवला आहे, तर युरोपातील सीआयपीचा आकडा ३८० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ५५,००० पौंड आहे. अमेरिकेत हे काडतूस ज्या रायफलींतून उडते त्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या स्वीडिश माउझर आणि नॉर्वेच्या क्राग-योर्गेनसन रायफली पुष्कळ आहेत, आणि त्यांचे बोल्ट आजच्या मानाने कमजोर. आपल्याकडे नवी रायफल असेल तर युरोपीय तक्ते आपल्या उपयोगाचे आहेत. जुनी असेल तर नाहीत. प्रायमर, म्हणजे केसच्या बुडातली ठिणगीची टोपी, चपटा झाला, बोल्ट उचलायला जड लागला, केसच्या बुडावर चकचकीत ठसा उठला, ही दाबाची लक्षणे जुन्या रायफलीत फार उशिरा दिसतात, तेव्हा ती दिसेपर्यंत थांबणे म्हणजे तापमापी नसताना कढईत हात घालून तेल तापले का ते पाहण्यासारखे आहे.

पावडर मंद जळणारी निवडावी. हॉजडनची एच-४८३१, रीलोडर-२२, व्हिटाव्हुओरीची एन-१६० किंवा नॉर्माची एमआरपी यांपैकी जी पुस्तकात आपल्या गोळीसमोर दिलेली असेल ती घ्या आणि पुस्तकातल्या किमान मापापासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर चढा. मापे मी इथे छापणार नाही. ती पावडर बनवणाऱ्याच्या चालू तक्त्यातूनच घ्यावीत, कारण तीच गोळी, तीच केस आणि तोच प्रायमर असेल तरच आकड्याला अर्थ असतो. गोळी किंवा तिची खोली बदलली की पुन्हा खालून सुरुवात करावी. विशेषतः गोळी पुढे सरकवून आट्यांच्या जवळ आणली तर दाब वाढतो, हे विसरू नये.

केसेसबद्दल एक सूचना. ६.५×५५ च्या केसचे बूड थर्टी-ओ-सिक्स या अमेरिकी काडतुसाच्या बुडापेक्षा किंचित मोठे असते, सुमारे १२.२ मिमीला १२.० मिमी. बुडाचे माप न पाळता बनवलेल्या केसेस मला एकदा मिळाल्या होत्या. पहिल्या बाराला बुडाजवळ त्यांना एका बाजूने पोट सुटले. लापुआ किंवा नॉर्माच्या केसेस महाग वाटल्या तरी दहा-दहा वेळा भरता येतात, आणि त्यांची मान सारख्या जाडीची असल्याने गोळी सरळ बसते. नव्या माणसाने प्रेसपेक्षा केसवर पैसे खर्च करावेत असे माझे मत आहे. उडवलेली केस पुन्हा पूर्ण मापात दाबताना केसचा खांदा फक्त एक-दोन थाउंनी मागे जाईल अशी डाय, म्हणजे दाबायचा साचा, लावावी आणि केस ५५ मिमीच्या वर वाढली की कापून पाव मिमी कमी करावी.

(जाता जाता : पावडरला मराठीत दारू म्हणतात आणि माझे आजोबा तसेच म्हणत. कोकणात त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि डुकरांच्या दिवसांत ते ओटीवर बसून दारू मोजत. इथे आमच्या घरात तो शब्द उच्चारला की सून भुवया उंचावते, म्हणून मी पावडरच म्हणतो.)

प्रश्न : तीन बारांच्या गटांत ७८.४ मिमी लांबीला ०.७ इंच आणि ७८.६ मिमीला १.९ इंच असा निकाल आला. म्हणजे माझ्या रायफलीला ७८.४ आवडते असे समजावे काय?

उत्तर : मी तसे समजणार नाही. त्याच दोन लांब्यांची प्रत्येकी दहा काडतुसे भरा, एक या पेटीतले, एक त्या पेटीतले असे आलटून पालटून दोन वेगळ्या कागदांवर उडवा, आणि मग मला कळवा. बहुतेक वेळा फरक विरघळतो.

टूलरूममध्ये तीन नग काढून यंत्र पास करा म्हणून कोणी आले असते तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवले असते. तीन बारांचा गट लहान दिसतो तो रायफल चांगली म्हणून नव्हे, तर तीनच बार आहेत म्हणून. ज्या रायफलीचे तीन बारांचे गट सरासरी एक इंच पडतात, तिचेच पाच बारांचे गट सरासरी सव्वा इंचाच्या वर आणि दहा बारांचे दीड इंचाच्या पुढे जातात. काडतूस तेच, नेमबाज तोच. शिवाय तीन बारांच्या एकेका गटात एवढा चढउतार असतो, की ०.७ आणि १.९ हे दोन्ही आकडे एकाच भरणीतून पाठोपाठ निघू शकतात. दोन दशांश मिमीने असा चमत्कार होतो असे मानायला माझे मन तयार नाही, आणि शिकारीच्या रायफलीत तर नाहीच.

म्हणून मी खोलीचे प्रयोग अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या पायरीने करतो, चार पायऱ्यांहून जास्त नाही, आणि प्रत्येक पायरीला दहा बार. त्यांतली वाईट ओळखता येते. उत्तम ओळखता येईलच असे नाही. वाईट सोडून दिली की उरलेल्यांत जी मॅगझिनमधून विनाअडथळा सरकते ती घ्यावी. व्हाइटटेलच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंच व्यासाचा धरतात. शंभर यार्डांवर दहा बारांत दोन इंचांत राहणारे काडतूस दोनशे यार्डांवर चार इंचांत राहील, आणि उरलेले चार इंच आपल्या श्वासासाठी, थंडीने कुडकुडणाऱ्या हातासाठी आणि झाडाच्या फांदीवर टेकवलेल्या रायफलीसाठी लागणारच आहेत.

गार नळीतून निघणारा पहिला बार कुठे जातो, हे मी जास्त काळजीने पाहतो, कारण हरणाला दुसरा बार क्वचितच मिळतो. मी एकच कागद वेगवेगळ्या दहा दिवशी रेंजवर नेतो, प्रत्येक वेळी पोचल्यावर पहिला बार त्याच कागदावर करतो आणि कागद घडी करून परत घरी आणतो. ऑगस्टमध्ये सुरू केलेला हा कागद नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरतो, आणि उन्हाळ्यात भरलेली पावडर थंडीत किती खाली मारते तेही त्यावर दिसते. घरातल्या भिंतीवर लावण्यासारखा तो कागद सुंदर नसतो.

प्रश्न : कॅलिफोर्नियात शिशाच्या गोळीला बंदी आहे. तांब्याची गोळी लांब घशाच्या रायफलीत चालेल काय?

उत्तर : चालेल, आणि बऱ्याचदा शिशाच्या हलक्या गोळीपेक्षा बरी चालेल. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित दारूगोळा सक्तीचा आहे. शिकारीच्या अवशेषांतले शिसे खाऊन काँडोर गिधाडांना होणारी विषबाधा हे त्यामागचे मोठे कारण होते. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, म्हणजे मानेत धरायला जास्त जागा मिळते. शिवाय बार्न्ससारखे उत्पादक स्वतःच आपल्या गोळीला किमान पन्नास थाउंची, म्हणजे सव्वा मिमीची, उडी ठेवायला सांगतात. स्वीडिश नळीचा कडक पीळ लांब गोळीला उत्तम सांभाळतो. वजनाने १३० ग्रेनच्या वर जाण्याची गरज मला वाटत नाही. तांब्याच्या गोळीचा तक्ता मात्र वेगळा असतो. त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचे माप तिला लावू नये.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राबरोबर शिकारीला जाणे आणि काडतुसे भरणे कायदेशीर आहे काय? डिसेंबरमध्ये भारतातही जायचे आहे.

उत्तर : अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूकच नव्हे तर दारूगोळाही बाळगता येत नाही, मात्र एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल तर अपवाद आहे. तेव्हा आधी परवाना, मग बाकीचे, आणि परवान्याची मुदत संपलेल्या महिन्यांत रायफल किंवा काडतुसे जवळ नकोत. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या व्हिसाच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची तर लागतो. मित्राला पन्नास काडतुसे भरून देऊन वीस डॉलर घेणे हीदेखील विक्रीच धरली जाऊ शकते. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या सीझनला कंबरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा, २०१६ पासून, भडक गुलाबी असावे लागतात.

भारतात जाताना शिकारीला वापरलेले जाकीट आणि पाठीवरची पिशवी नेऊ नका. नेलीच तर प्रत्येक खिसा उलटा करून, शिवण चाचपून पाहा. भारतीय विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडले तरी शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि ते खिशात चुकून राहिले होते हे पटवून देण्यात सुट्टी संपते. मी स्वतः दरवर्षी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घालतो तेव्हा एखादी रिकामी केस हाताला लागतेच. ती काढून ठेवतो आणि भारतात जाताना दुसरेच जाकीट घालतो.